बिनआवाजाची भिंगरी

मागावर काम न केलेल्या माणसाने आवाजाबद्दल माझ्याशी बोलूच नये. शेजाऱ्याने भिंतीत खिळा ठोकला तरी लोक कपाळाला हात लावतात. आमच्या कापडगिरणीत एकदा का माग सुरू झाले, की शेजारच्या माणसाच्या कानात बोंब मारा, त्याला पत्ता लागणार नाही. म्हणून आम्ही बोंब मारतच नाही. आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलतो, आणि जिथे ओठ पुरत नाहीत तिथे हात. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. खांद्यावर चापट मारली की मुकादम येतोय, गप्पा बंद. आणि दोन्ही हात वर करून गोल फिरवले की कापडाचं थान पूर्ण झालं, उतरवून घ्या. ही शेवटची खूण करताना आमच्यातली सगळ्यात रडकी बाईसुद्धा हसते.

या बोलण्यात भिंगरीचा हात धरणारं कुणी नाही. ती माझ्या शेजारच्या मागांवर. एका मागावरून दुसऱ्यावर अशी गरगरत असते, की नाव पडलं ते पडलंच. खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं तर ती स्वतःच मागे वळून बघते, कोण बुवा ही! पाळी संपेपर्यंत तिची नणंदेपासून सरकारपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढून व्हायची, आणि एका शब्दाचा आवाज नाही.

ही सवय गिरणीच्या दाराशी थोडीच थांबते? घरीसुद्धा भिंगरी कुणाला दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. समोर जाऊन उभी राहते, टेबलावर थाप मारते, माणसाने वर बघितलं की मग बोलते. तिच्या नवऱ्याची, आमच्या भावजींची, पावाची गाडी आहे, पहाटे दुकानोदुकानी पाव पोचवतो. लग्नानंतर सुरुवातीला बिचारा म्हणायचा, "अगं, मी बहिरा नाही!" पुढे त्याचाच हात चालायला लागला. चहातली साखर संपली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन कात्रीची बोटं दाखवायचा. त्यांच्याकडे टीव्ही कायम पूर्ण आवाजात. आमच्या सगळ्यांच्याच घरी असतो, कान थोडे झिजतातच.

अशा घरात बटण वाढली. बटण म्हणजे त्यांची मुलगी. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की आजीने हे नाव ठेवलं. बोलायच्या आधी ही पोरगी हातांनी दूध मागायची. आम्हाला काय कौतुक! गिरणीत पाऊल न टाकता गिरणीची भाषा शिकली, म्हणून मीच सगळ्या खात्यात सांगत सुटले होते. शाळेत उंचीने लहान, म्हणून पहिल्या बाकावर, बाईंच्या अगदी समोर. अभ्यास बरा चालला होता.

मग ती साथ आली. गिरणी बंद, शाळा बंद, रस्ते ओस. भावजींची पावाची गाडी तेवढी चालू. शाळा मोबाईलवर आली. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवलेला, त्यात बाईंचा चेहरा एवढा मोठा, आवाज पूर्ण सोडलेला आणि बटणचं नाक काचेला लागलेलं. आणि काय सांगू, पोरगी वर्गात पहिली आली! भिंगरी फोनवर मला म्हणाली, "ताई, माझी बटण हुशार निघाली गं. कुणावर गेली कोण जाणे."

"तुझ्यावर नाही, एवढं नक्की," मी म्हटलं.

पुढे साथ जरा उतरली आणि शाळा अर्धी उघडली. एक आठवडा वर्गात, एक आठवडा घरून. त्याला म्हणे हायब्रिड. मला तर हायब्रिड म्हटलं की टोमॅटोच आठवतो, दिसायला लालबुंद आणि चवीला पाणी. आमची शाळाही तशीच निघाली. बाई वर्गात, तोंडावर मास्क, आणि मोबाईल कोपऱ्यात स्टँडवर लावलेला. वर्गातली मुलं लांबलांब बसवलेली, बटण कुठल्या कुठे मागे. घरून शिकायच्या आठवड्यात मोबाईलमध्ये बाई बोटभर दिसणार, त्यातही पाठमोऱ्या.

पहिली आलेली पोरगी बघता बघता तळाला गेली. काहीही विचारलं की मान हलवायची. "समजलं का?" हो. "नाही समजलं का?" तेही हो! बाईंना वाटलं, लक्ष नाही. शेवटी मोठ्या बाईंनी भिंगरीला आणि भावजींना फाटकाशी बोलावून सांगितलं, "रोज वर्गात पाठवा, आठवड्याआड पाठवा किंवा पूर्ण घरून शिकू द्या. तुमची मर्जी. पण वर्षाअखेरीच्या तोंडी परीक्षेत उत्तरं आली नाहीत, तर तिला चौथीतच ठेवावं लागेल."

बटणला हे कळलं तेव्हा तिने दप्तर माळ्यावर टाकून दिलं. मैत्रिणी पाचवीत आणि मी चौथीत, मग मी शाळेतच जात नाही, म्हणाली. आणि ती तशी हट्टी. आईचं दूध प्यालेली.

मग घरात रोज खडाजंगी. भिंगरी म्हणे, "अहो, रोज वर्गात पाठवू. बाईंच्या डोळ्यांसमोर राहील." भावजी म्हणत, "अगं, मी रोज पाव टाकतो ना, ज्या दारात काल माणूस होता तिथे आज कुलूप बघतो. पोरीला त्या गर्दीत ढकलू? मोबाईलवर पहिली आली होती ना? मग राहू दे घरी!" भिंगरी म्हणे, तेव्हा बाईंचा चेहरा दिसत होता, आता बाई दिसतातच कुठे? भावजी म्हणत, चेहऱ्याचा काय संबंध, अभ्यास कानांनी होतो. मध्यस्थी करायला मी गेले तर दोघं मिळून माझ्यावरच घसरले. दोघांचं बरोबर आणि दोघांचं चूक, असली भांडणं सगळ्यात वाईट. मी चहाही न घेता उठून आले.

त्याच सुमारास आमची गिरणी सुरू झाली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माग धडधडायला लागले, मी सवयीने भिंगरीकडे बघून बोलायला गेले आणि थबकले. बोलणार कशाने? ओठच नाहीत! सगळ्या खात्यात बायका एकमेकींकडे ठार वेड्यासारख्या बघत उभ्या. तेवढ्यात मुकादम भिंगरीजवळ आला. मास्कच्या आतून काहीतरी बोलला. भिंगरीने मान हलवली. तो पुन्हा बोलला. तिने पुन्हा जोरात मान हलवली, आणि जाऊन चक्क चांगला चालणारा माग बंद केला. बंद करायचा होता पलीकडचा. मुकादम डोक्याला हात लावून नाचायला लागला, मी मास्कमध्ये पोट धरून हसले.

भिंगरी हसली नाही. बंद केलेल्या मागावर हात ठेवून ती तशीच उभी. मग माझ्याकडे वळली, आणि मान हलवून दाखवली. हो, हो, हो. मला काही उमजेना. तिने अंगठा आणि बोट जुळवून इवलासा गोल केला, ही आमची बटणची खूण. आणि पुन्हा मान हलवली, हो, हो, हो. माझं हसू जागच्या जागी विरलं.

पाळी सुटल्यावर ती घरी चालत गेली नाही, धावत गेली. मागोमाग मी, धापा टाकत. बटण खिडकीशी पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. भिंगरी दारातच थांबली, मास्क काढला आणि साध्या आवाजात हाक मारली, "बटण." पोरगी रंगवतच होती. जरा मोठ्याने मारली. काही नाही. मग भिंगरीने पाय जमिनीवर आपटला, तशी बटण वळली, आणि आईला बघून तोंडभर हसली.

भिंगरी उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. "ताई, आईला कळू नये गं? एवढी वर्षं झाली, एकदाही पाठीमागून हाक मारली नाही मी पोरीला!" खरंच मारली नव्हती. त्या घरात कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात चार दिवसांत लक्षात आलं असतं, या घरात बटण सगळ्यांसारखीच होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "रडून घे पोटभर. पण उद्या डोळे पुसून डॉक्टरकडे चल."

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण मशीन लावलं की बरंच येईल. फक्त मशीन बाहेरून यायचं आणि साथीमुळे सगळा माल अडकलेला. परीक्षेच्या आत येणं कठीण.

"तर मग ठरलं," भावजी म्हणाले. "मशीन येईपर्यंत घरी राहील. वर्गात मास्क, तिथे जाऊन करणार काय ती?"

तेव्हा बटण उठली, बाबांच्या समोर जाऊन टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, "बाबा, मला कुणी विचारलंच नाही. मला शाळेत जायचंय. मोबाईलमध्ये फक्त बाई असतात, मैत्रिणी नसतात."

भावजींनी माळ्यावरून तिचं दप्तर खाली काढलं. मग म्हणाले, "गाडीतून मी सोडीन. मास्क उतरवलास तर बघ!"

दुसऱ्याच दिवशी भिंगरी वर्गाच्या बाईंसमोर. मीही होते, नाहीतर मला झोप लागली नसती. बाईंनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मी तिला लक्ष नाही म्हणून किती बोलले हो," त्या म्हणाल्या. "पण मास्क तर मला काढता येणार नाही. कसं करायचं?"

"आमचेही निघाले नाहीत की," भिंगरी म्हणाली. एव्हाना गिरणीत आम्ही वाट काढली होती. ओठ गेले तर गेले. खुणा वाढवल्या, नव्या बसवल्या, खात्यातल्या बायका पुन्हा गिरणीभर चहाड्या करायला लागल्या होत्या. भिंगरीने बाईंना तिथेच दोनचार खुणा करून दाखवल्या. बाईंचे डोळे चमकले. त्यांनीच पुढची गोष्ट काढली: पोरं ओळीत कशाला बसवायची? अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गोल बसवू, म्हणजे प्रत्येकाचे हात प्रत्येकाला दिसतील.

शनिवारी भिंगरीने साऱ्या चौथीला खुणा शिकवल्या, "मुकादम आला" आणि "थान पूर्ण" धरून. आठवडा, महिना, नदी, बेरीज, का, कुठे, किती. ज्याला गिरणीत खूण नव्हती, ती पोरांनी बनवली. पोरांना तर सोन्याची खाण सापडली. बोलायचं आणि बाईंना ऐकू जाणार नाही! पुढच्या शनिवारी बाई भिंगरीला म्हणाल्या, "अहो बटणची आई, बडबड परवडली हो. आता वर्ग शांत असतो आणि काम शून्य!" पण बाई स्वतः सगळ्यांत आधी शिकल्या. आणि बटण? ती तर त्या वर्गाची मुकादम झाली. कुणाची खूण चुकली की उठून त्याचे हात सरळ करायची. मान हलवणं बंद झालं. नाही समजलं तर बेधडक हात नाचवून सांगायची, पुन्हा सांगा.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या शाळेचे गुरुजी आले. त्यांना ही भानगड काय माहीत! आम्ही सगळे कुंपणाच्या जाळीबाहेर, भावजी गाडी तशीच रस्त्यात सोडून आलेले. बटणची पाळी आली. गुरुजींनी मास्कमधून प्रश्न विचारला, बाईंनी हात उचलले. "बाई, सांगायचं नाही हं," गुरुजी म्हणाले. बाईंनी समजावलं, मी उत्तर नाही, प्रश्न पोचवते आहे. गुरुजींचा विश्वास बसेना. "मला कसं कळणार तुम्ही काय पोचवता ते?"

भिंगरीने जाळी अशी धरली की बोटं पांढरी पडली.

तेवढ्यात बाईंच्या हातांवरून सगळं ओळखून बटणच पुढे झाली. "सर, तुम्हीच विचारा ना. मी शिकवते." आणि तिने गुरुजींना खुणा दाखवल्या. गुरुजी भला माणूस, शिकला. पहिल्याच प्रश्नाला "किती"ची खूण करायला गेला आणि गोंधळून खांद्यावर चापट मारली. झालं! आख्खी चौथी पाठ ताठ करून दाराकडे बघायला लागली, मुकादम कुठे आला म्हणून. गुरुजी चकित, पोरं खो-खो हसतायत. बटणने हसू दाबून त्यांची खूण दुरुस्त केली, प्रश्न घेतला आणि उत्तर दिलं. खणखणीत. मग दुसरा, मग तिसरा. पाणी ढगात कसं जातं, एवढ्याला तेवढे तर किती, दिवस लहान का होतो. गुरुजी खुणेत अडले तर ती शब्द सुचवी आणि मग स्वतःच उत्तर देई. शेवटी गुरुजींनी हात जोडले. "पाचवीत जा बाई. आता मलाच पास कर."

आणि शेडमधली सगळी पोरं उठली, दोन्ही हात वर करून गोल फिरवायला लागली. थान पूर्ण! जाळीबाहेर आम्ही दोघींनी हात वर केले, भावजींनी केले. शेवटी शिपाईसुद्धा फिरवायला लागला, त्याला काय कळलं देव जाणे. मी रडत होते आणि कुणी बघेल याची मला पर्वा नव्हती.

मशीन आलं ते सुट्टी लागल्यावर. डॉक्टरांकडून आणून बटण खिडकीशी बसली, पाठमोरी. मी चहाला गेलेले. भिंगरी दारात उभी राहिली. तिने पूर्ण ताकदीने हाक मारली, "बटऽऽण!" अशी, की माझ्या हातातला कप डचमळला.

पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वळून म्हणाली, "आई! ओरडतेस काय? ऐकू येतंय मला."

भिंगरीने नुसते दोन्ही हात वर केले आणि गोल फिरवले.