राघू न्हाईना

पोपटाला आंघोळ घालायची नसते. त्याला ती करावीशी वाटावी लागते. हल्ली लोक पिंजरा उचलून सरळ नळाखाली धरतात. पोपट कोपऱ्यात अंग चोरून किंचाळतो आणि घरातली सगळी टाळ्या पिटतात. मला बघवत नाही. मी तोंडावर बोलून मोकळी होते, मग शेजारीण गाल फुगवून बसते. बसू दे बापडी. पोपटाच्या आंघोळीतलं मला जे कळतं, ते मी काही हौसेनं शिकलेली नाही.

आमचं गाव तापीकाठचं. घरची कपाशी, केळी, दोन बैलजोड्या. आबा, म्हणजे माझे वडील, एका वर्षी सारंगखेड्याच्या जत्रेला घोडा बघायला गेले आणि पोपट घेऊन आले. आई म्हणाली, “घोडाना चारा तरी वाची गया.” पोपटाला आमच्याकडे राघूच म्हणायचे. तो आणला होता माझ्या धाकट्या भावासाठी. घरात एकुलता एक मुलगा, त्याच्यासाठी हत्तीसुद्धा आला असता.

भाऊ आंघोळीचा चोर. आईच्या नाकात दम आणायचा. राघू आल्यावर ते दुखणं गेलं. मागल्या अंगणात न्हाणीचा दगड होता. त्यावर भाऊ बसायचा, बाजूला पाण्याची परात ठेवायची आणि पिंजऱ्याचं दार उघडायचं. भाऊ पहिला लोटा डोक्यावर ओतून ओरडायचा, “हर तापी माय!” ते ऐकलं की राघू टुणकन परातीत. पंख फुलवायचा, मान बुडवायचा, शेपटीनं पाणी उडवायचा. आधी भाऊ भिजवायचा राघूला, मग राघू भावाला, आणि शेवटी दोघं मिळून मला. अंगणात नुसता धुमाकूळ. भाऊ नसला तर राघू परातीकडे ढुंकूनही बघत नसे. मी लाख हाका मारल्या तरी मानभावासारखा एका पायावर उभा.

त्याच काळात गावात सरकारचा देवी टोचणारा यायचा. तो आला की बाया पोरं लपवायच्या. भावाला आईनं कापसाच्या ढिगात दडवलं होतं. मी ओट्यावर बसले होते, मला त्यानं धरलं आणि टोचलं. मुलीला लपवायची कोणाला पडली होती? दंड सुजला, मी रडले, भाऊ कापसातून बाहेर येऊन मला वाकुल्या दाखवत होता.

पुढच्या चैत्रात भावाला ताप भरला आणि अंगावर पुरळ उठलं. देवीचा रोग म्हणायचा नाही. माता आल्या म्हणायचं. पाहुणी घरात आहे, तिचा मान राखायचा. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात कोणी न्हायचं नाही, डोकं विंचरायचं नाही, आबांनी दाढी करायची नाही. फोडणी बंद, मिरची बंद. उन्हाळ्याचे दिवस, आणि आम्ही सगळे घामानं आंबलेले. भाऊ आतल्या खोलीत निंबाच्या पाल्यावर पडलेला. तोंड, हात, तळवे, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मला टोचलेलं होतं म्हणून त्याच्याजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. मी पाल्यानं वारा घालायची. त्या पाल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

पुळ्या डोळ्यांतही आल्या. पापण्या सुजल्या, मग पू आला, मग तो पू वाळून पापण्या चिकटल्या. भाऊ घशातून कसाबसा म्हणायचा, “आत आग पडनी, माय. डोया उघाड.” आबांनी एकदा कोमट पाण्याचा बोळा फिरवू म्हणून पाहिलं. आई त्यांच्यावर धावूनच गेली. माता असताना पाणी लावलं तर कोप होतो, पोर हाती लागत नाही. आबा गावात चार माणसांत बोलणारे, पण मातेच्या कामात पुरुषाचं चालत नसे. ते गुमान बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग पाणी लावायचं कधी? माता निघाली म्हणजे. आणि माता निघाली हे सांगायचं कोणी? आमच्या गल्लीत मातेचं करणारी एक म्हातारी होती. घरोघर तीच निंबाचा पाला आणायची, तीच गाऱ्हाणं घालायची. ती भावाच्या उशाशी बसली होती, आणि आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यात राघू पिसं फुगवून गप्प होता. तिनं वर बघितलं. राघूचा रंग निंबासारखा हिरवा. तिला काय वाटलं कोण जाणे, ती हात जोडून म्हणाली, “पाखरू माताचं शे. हाऊ राघू आपला मनथीन पानीमा उतरना, का समज माता निंघनी.”

आपल्या मनानं. पाणी टाकायचं नाही, धरून बुडवायचं नाही. स्वतः उतरला पाहिजे.

मी म्हणाले, “माय, तो भाऊबिगर कधी न्हास का?” आईनं माझ्या थोबाडीत दिली. “मातासमोर जीभ नको चालाडू.” म्हातारीनंही माझ्याकडे असं बघितलं की मी पाल्यात तोंड खुपसलं. पण खरं होतं ते खरंच होतं. भाऊ न्हाल्याशिवाय राघू न्हायचा नाही, आणि राघू न्हाल्याशिवाय भावाच्या डोळ्याला पाण्याचा थेंब लागायचा नाही. एवढी साधी गोष्ट घरातल्या एकाही शहाण्या माणसाला दिसू नये? दिसत असेल. म्हणायची छाती नव्हती. अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

तर ते काम माझ्या गळ्यात पडलं. राघूला न्हायला लावायचं. मी परात घासून लख्ख केली, रांजणातलं गार पाणी भरलं आणि पिंजरा निंबाच्या सावलीत नेऊन उघडला. राघू बाहेर आला, परातीच्या काठावर बसला, एक घोट प्यायला आणि परत आत गेला. मी बोटांनी पाणी खळाळवलं. लोट्यानं उंचावरून धार धरली. ओला कोथिंबिरीचा जुडा परातीत ठेवला, म्हटलं खाता खाता भिजेल. त्यानं पानं ओढून काठावर आणली आणि कोरडी करून खाल्ली. मिरचीसाठी तो जीव टाकायचा, पण मिरची घरात आणायची सोय नव्हती. मी कैरीची फोड पाण्याच्या मधोमध ठेवली. त्यानं मान लांबवून ती उचलली, पाय भिजू दिले नाहीत. मी लाडीगोडी लावली, शिव्या दिल्या, “मेल्या, मुडद्या, उतर की रे” म्हणून रडलेसुद्धा. तो डोळे गोल करून बघत बसला.

आई दारातून विचारायची, “न्हायना का?” म्हणजे न्हाला का. मी मान हलवायची. ती आत जायची, आणि मला तिचा आवाज ऐकू यायचा, “आज नई रे मन्हा राजा. राघू न्हायना का लगेच तुन्हा डोया उघाडसू.” पुढे पुढे भाऊ डोळ्यात आग होते असंही म्हणेना. आईला वाटलं उतार पडतोय. मला बरं वाटलं नाही. दुखणं बोलायचं थांबलं की मला भीती वाटते, ती तेव्हापासूनची.

मी आईच्या पाया पडले. म्हटलं, नुसत्या ओल्या फडक्यानं कडा तरी भिजवू दे, मातेला मी पाया पडून सांगते. तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, “मन्हा जीव तुटत नई का पोरी? पन पोर गयं तं?” तिचे केस जटा झाले होते, अंगावर तेच लुगडं, डोळे आत गेलेले. तिच्यावर चिडावं म्हटलं तरी चिडता येईना. मग मी राघूवर चिडले. तो बिचारा तरी काय करणार?

भावाच्या अंगावरच्या खपल्या सुटू लागल्या. घसा मोकळा झाला. एका दुपारी त्यानं ताक मागितलं, आणि मी ते पाजता पाजता माझ्या मनात आलं की आपण किती बावळट. त्याचं अंग नको, त्याचा आवाज तर आहे! पाणी न लावता आवाज तर काढता येतो. मी परात मागल्या दारात आणली, अगदी उंबऱ्याला लागून, राघूला काठावर बसवलं आणि आत जाऊन भावाच्या कानाशी म्हटलं, “भाऊ, तापी माय म्हण. जोरात म्हण.” त्याला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग त्यानं ओठ ओले केले. घोगरा, फाटका आवाज निघाला, “हर तापी माय.”

मी लोट्यानं पाणी ओतलं. राघूनं मान वाकडी केली. “अजून एकदा,” मी ओरडले. “हर तापी माय!” भाऊ म्हणाला. आणि राघू उतरला. हो, उतरला! छातीपर्यंत पाण्यात गेला, पंख पसरले आणि असा काही फडफडला की उंबरा, भिंत, मी, सगळं भिजलं. मी किंचाळत होते, “माय, माय, राघू न्हायना!” आई धावत आली. बघितलं आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. आबा ओट्यावरून आत आले. म्हातारीला बोलवायलासुद्धा कोणी थांबलं नाही.

आईनं निंबाचं पाणी कोमट केलं. भावाला उचलून मागल्या दारात, उजेडात आणलं आणि मांडीवर घेतलं. राघू परातीत दंगा करतच होता. आईनं कापसाचा बोळा भिजवून पापण्यांवर ठेवला, पुन्हा भिजवला, पुन्हा ठेवला. वाळलेलं हळूहळू सुटत गेलं. भाऊ अगदी शहाण्यासारखा पडून होता. आईनं अंगठ्यानं एक पापणी वर केली, मग दुसरी. आतलं सगळं पांढरं होतं. दोन्हीत फूल पडलं होतं. काळी बाहुली कुठे दिसेना.

आबा भिंतीला टेकले.

पाण्याचे शिंतोडे भावाच्या गालावर उडत होते. तो हसला. किती दिवसांनी हसला असेल. त्यानं तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं आणि विचारलं, “माय, राघू न्हायना ना?”

“हां, न्हायना, राजा,” आई म्हणाली.

“मंग आते मन्हा डोया उघाड ना.”

आईनं बोळा परत पाण्यात बुडवला, पिळला, आणि ते उघडे डोळे ती पुन्हा पुसायला लागली.