शिशाची हातोडी

उभ्या निजामशाहीत लोखंडाला माझ्या आत्याच्या यजमानांइतकं जपणारा माणूस दुसरा झाला नसेल, आणि माणसांना त्यांच्याइतकं फाडून बोलणाराही. आम्ही भाचेमंडळी त्यांना मामा म्हणायचो. नेकनूरला बाजाराच्या कडेला त्यांचं मरम्मतीचं दुकान होतं. उसाचे चरक, पाणी ओढायचे पंप, शिवणयंत्रं, कुलपं, जे जे लोखंडाचं आणि बिघडलेलं ते सगळं त्यांच्या दारात यायचं. मामा आधी यंत्राला हात लावून त्याची विचारपूस करायचे आणि मग मालकाला झापायचे. "कावून बे, याला तेल पाजाया तुझा हात झडला व्हता काय?" असं त्यांनी एका देशमुखांना भर बाजारात विचारलेलं मी ऐकलं आहे. देशमुख मान खाली घालून उभे राहिले, कारण मामांनी दुरुस्त केलेलं यंत्र पुन्हा लवकर परत येत नसे, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं.

मामांची सगळी माया एका हातोडीत होती. ती शिशाची होती आणि त्यांनी स्वतः ओतलेली होती. अडकलेलं चाक सोडवायला लोखंडी हातोडीनं ठोकलं तर जिनसेचं तोंड चेपतं. शिसं मऊ, ते स्वतः चेपतं आणि जिनसेला ओरखडा उमटू देत नाही. हे त्यांनी मला निदान शंभरदा समजावलं असेल. मी गावच्या सरकारी मदरशात, म्हणजे निजामी शाळेत, मास्तर होतो आणि शुक्रवारची सुट्टी दुकानातल्या बाजेवर बसून घालवायचो. "लोखंडाला बी लागतंय, मास्तर," ते म्हणायचे, "बोलत न्हाई एवढंच." दुकानात एक लोखंडी हातोडीही होती, पण तिच्या नशिबी फक्त भट्टीचे कोळसे फोडणं होतं. ती खाली ठेवतानाही तिचा आवाज झाला तर मामा तोंड वाकडं करायचे.

आता शिसं लागायचं, आणि शिशाच्या बाबतीत मामांची नियत चांगली नव्हती. कापडाच्या गठड्यांना लावलेली शिशाची सीलं ते व्यापाऱ्याशी गप्पा मारता मारता तोडून खिशात टाकायचे. कुणाकडे राखी रंगाचा जड तुकडा दिसला की नखानं ओरखडा काढून बघायचे, आणि ओरखडा चमकला की तो तुकडा त्यांचा झाला. एकदा शेजारी भिंतीचं काम चाललं होतं, त्या गवंड्याचा ओळंबाच गायब झाला. गवंडी बिचारा दिवसभर शोधत फिरला आणि शेवटी डोळ्यांच्या अंदाजानं भिंत उभी केली. मामांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "लई वाकडी हाय बे. ओळंबा लावला न्हाईस व्हय?" ती भिंत अजून आत्याच्या अंगणाकडे झुकलेली आहे.

वर्षभर ठोकून हातोडीची तोंडं पार चेपून जायची, म्हणून दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा ती वितळवून नवी ओतायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पूजेला नवी हातोडी. मातीचा साचा आठ दिवस आधीपासून उन्हात वाळवलेला असायचा, कारण साच्यात ओल राहिली तर तापलेलं शिसं अंगावर उडतं. मुठीसाठी एक लोखंडी नळी, तिला टोकाशी भोकं पाडलेली, की शिसं त्यांत शिरून घट्ट बसावं. पण वितळवण्याआधी एक विधी होता, आणि तो कुठल्याही पोथीत नाही. मामा जुनी हातोडी मांडीवर घ्यायचे आणि तिच्या एकेका खळीवर अंगठा ठेवून वर्षाचा हिशेब सांगायचे. "ही उमापूरच्या चरकाची. लई अडून बसला व्हता. ही दर्ज्याच्या शिवणमशिनीची, अन् ही खोल, ही त्या देशमुखाच्या पंपाची." सगळ्या खळ्या सांगून झाल्या की हातोडी भट्टीवरच्या मोठ्या लोखंडी पळीत जायची. वितळलेल्या शिशात गवताची काडी बुडवायची. काडी लगेच करपली की ओतायचं. त्या वेळी बोललेलं मामांना खपत नसे. एरवी त्यांना उलट बोलणारी माझी आत्याही पदर तोंडावर धरून उभी राहायची.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एके वर्षी भादव्यात कापसाची सरकी काढायच्या एका जिनाच्या शेठनं इंजिनाचा दांडा दुकानात आणून टाकला. दांड्यावरचं चाक गंजून बसलं होतं आणि कापूस यायच्या आत ते निघायला हवं होतं. मामांनी त्याला घासलेट पाजून तीन दिवस गुंडाळून ठेवलं, मधूनमधून शिशाच्या हातोडीनं गोल फिरत थप थप करत राहिले. शुक्रवारी ते वडवणीच्या बाजाराला गेले आणि मला नुसतं दुकानात बसायला सांगून गेले. मी नुसता बसलो नाही. वाटलं, आपण चाक काढून ठेवावं, मामा चकित होतील. शिशाच्या थापांना चाक दाद देईना. मग मी कोपऱ्यातली लोखंडी हातोडी उचलली आणि दोन घाव घातले. दांड्याचं तोंड फुलून आलं, वरचे पेचाचे आटे चेपले, आणि चाक होतं तिथेच राहिलं. मी फडकं पुन्हा जसंच्या तसं गुंडाळलं आणि बाजेवर येऊन बसलो.

संध्याकाळी मामा परत आले ते जिनाच्या मुनिमालाच गाडीत घेऊन. त्यांनी फडकं सोडलं. दांड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं. मुनीम ओरडला, "कुणी ठोकलं हे?"

"म्या," मामा म्हणाले.

"लोखंडाच्या हातोडीनं?"

"व्हय. घाई झाली."

आयुष्यात ज्यांनी कधी घाई केली नाही, त्या माणसानं हे माझ्यादेखत सांगितलं आणि मी गप्प राहिलो. मला लाज वाटली, मास्तरकीची इज्जत आड आली, काय आलं ते देव जाणे. मी भेकड निघालो हेच खरं. मुनिमानं बाजारात सांगितलं की म्हाताऱ्याचा हात गेला. चार आठवड्यांत चरक, पंप सगळे बीडच्या नव्या दुकानाची वाट धरू लागले. मला वाटत होतं मामा मला फाडून खातील. त्यांनी मला एका शब्दानंही दुखवलं नाही, आणि तेच मला सोसेना.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी गेलो. मामांनी हातोडी मांडीवर घेऊन सगळ्या खळ्या सांगितल्या. त्या दांड्यानंतरची एकही नव्हती. मग हातोडी पळीत टाकली आणि शिसं पातळ होईपर्यंत थांबून, त्या वेळी कधी न बोलणारे मामा बोलले. "मास्तर, कुणाला काय सांगायचं असंल तर आत्ता सांगा. वतल्यावर समदं सपाट व्हतंय."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी काडी बुडवली आणि म्हणालो, "करपली बघा, मामा. ओता."

त्यांनी ओतलं. हातोडी सुरेख उतरली.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. तेराव्यानंतर आत्यानं फडक्यात गुंडाळलेली ती हातोडी माझ्यापुढे ठेवली. "ही मास्तरला द्या म्हनले व्हते," ती म्हणाली. मी फडकं सोडलं आणि मामांसारखा अंगठा फिरवला. दोन्ही तोंडं ओतली त्या दिवसाइतकीच गुळगुळीत होती. वर्ष उलटत आलं होतं आणि तिच्यावर एकही खळी नव्हती.