किसनकाकांची हिमनदी

भर मे महिन्यात, हिमायतनगरातलं डांबर चपलेला चिकटत असताना, किसनकाका लोकरीची कानटोपी घालून चहाच्या हॉटेलात येत. कुणी हसलं की म्हणत, "डोकं थंड ठिऊन राहिलो बाबा." मग उकळता चहा दोन घोटांत संपवून सगळ्यांना जयभीम घालत. एवढं झालं की आम्ही ओळखायचो, आता हिमनदी येणार.

काका फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांची बदली हिमालयात झाली होती. "आमच्या छावनीच्या पुलापाशीच बर्फाची नदी व्हती. बर्फाची, आन् तरी सरकायची! रातच्याला कडाड कडाड बोलायची." बर्फ चालतो आणि वर बोलतो म्हटल्यावर हॉटेलात हशा पिकायचा. त्याचं काकांना काही वाटत नसे. पण घरी शांताकाकूही म्हणत, "लगीन झाल्यापासून ऐकून राहिले. निस्ती फेकाफेकी!" ते मात्र त्यांना लागायचं.

शेवटी काकूंना नदी दाखवायचीच, असा त्यांनी चंग बांधला आणि शेजारधर्म म्हणून मला सोबत घेतलं. पुरावा आणायला एक मोठा रिकामा थर्मास होता. "हॉटेलात टेबलावरच बर्फ वततो," म्हणाले. रेल्वेत तो थर्मास त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

पूल सापडला. बर्फ नव्हता. नुसते दगडधोंडे आणि त्यांतून वाहणारं गढूळ पाणी. तिथल्या घोडेवाल्याने पार वर, डोंगराच्या कुशीतला मळकट पांढरा पट्टा दाखवला. "हर साल ऊपर खिसकता है, बाबूजी. गर्मी बढ़ गई है." काकांनी टोपी काढली. आयुष्यभर थट्टा हसत झेललेला माणूस, पण त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"शांता, हितंच व्हती गं," एवढंच म्हणाले.

काकू पुलाजवळच्या एका खडकावर वाकून हात फिरवत राहिल्या. खडक गुळगुळीत होता, त्यावर एकाच दिशेला गेलेल्या लांब रेघा होत्या.

"अवो, हिकडं या," त्या म्हणाल्या. "वरवंट्यानं पाटा झिजतो, तसा झिजलाय ह्यो. लई जड कायतरी हितून घासत गेलंय. तुमी खोटं न्हाई बोलले."

काका आधी रडले, मग स्वतःच हसायला लागले. थर्मास आम्ही चहाने भरून घेतला. गावात परतल्यावर हॉटेलातल्या लोकांनी "बर्फ कुठाय?" म्हणून घेरलं, तेव्हा काकांना बोलायची संधीच मिळाली नाही. काकूच तिथे येऊन सगळ्यांशी भांडल्या.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मला त्यांची फार आठवण येते. भेटायला आलेल्या बायांना काकू डोळे पुसत नदीचीच गोष्ट सांगत होत्या. गल्लीतल्या एका नव्या सुनेने भाबडेपणाने विचारलं, "काकू, तुम्ही सोता पाह्यली ती?"

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "पाह्यली की! लई मोठी व्हती."