निखाऱ्यांचं घमेलं कुणी उचललं?

भुताखेताच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. बारावीपर्यंत सायन्स शिकलो, म्हणून असेल... पण हे माझ्याच कोपीत घडलं.

आम्ही वाशी तालुक्यातले. मी आणि बायको सुनीता ढोकीच्या शिवारात ऊसतोडीला होतो. राहायला कोपी — बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री टाकलेली. मुलगी इतकी लहान की अजून मान धरत नव्हती.

त्या दिवशी ऐन थंडीत पाऊस लागला. अंथरूण खालून भिजलं. दुपारी पोरगी रडायची थांबली. हातपाय गार, ओठ निळसर. सुनीतानं उराशी धरली, तरी ऊब लागेना. मुकादमाला फोन केला. "ट्रॅक्टर चिखलात रुतलाय, समदी माणसं हिकडंच हायेत," तो म्हणाला. "निघाला की धाडतो."

तोवर काय करायचं? बाहेर आडोशाला असलेल्या चुलीतले निखारे घमेल्यात भरून आत आणले. ताडपत्री चारी बाजूंनी दगडांनी दाबली, दार आतून तारेनं बांधलं. ऊब आली. पोरगी चुळबुळली.

"अवो, डोस्कं लई दुखायलंय," सुनीता म्हणाली.

माझंही दुखत होतं. दार उघडावं वाटलं, पण पाय हलेनात... पुढचं आठवत नाही.

तोंडावर पावसाचे थेंब पडले तेव्हा शुद्ध आली. तार सुटलेली, दाराची ताडपत्री वर गुंडाळलेली. घमेलं बाहेर चिखलात — निखारे पावसात चुरचुरत होते. पोरगी सुनीताच्या कुशीत रडत होती. मी घमेल्याला बोट लावलं तर चटका बसला. पण आमच्या दोघांच्याही तळहातावर साधा फोडही नव्हता.

"हे कुणी काढलं?"

सुनीता माझ्याकडं बघतच राहिली. "तुमीच की. उघड्या हातानं उचललं. मी म्हणलं, भाजंल. तुमी काय बोलला न्हाईत."

"मी तर इथंच पडलो होतो."

"व्हय," ती हळूच म्हणाली. "तुमी हितंबी होता. लेकराच्या पल्याड. म्हणूनच भ्या वाटलं."

अंधार पडायच्या आत ट्रॅक्टर आला. रुतलेल्या ट्रॅक्टरपासून कुणीच हललं नव्हतं, असं सोबत आलेले सगळे म्हणाले. दवाखान्यात पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांतून न दिसणारा विषारी गॅस निघतो; बंद तंबूत माणूस झोपेतच जातो. त्यात भासही होतात.

आता आम्ही अंथरुणाखाली उसाच्या वाळल्या पाचटाचा जाड थर घालतो, ताडपत्री दुहेरी टाकतो, वर हवेला जागा ठेवतो. विटा बाहेरच तापवून, फडक्यात गुंडाळून पायथ्याला ठेवतो. निखारा आत येत नाही.

डॉक्टरांचं मला पटतं. भास झाला असेल. पण भासानं तार सोडली? घमेलं उचललं?

सुनीता हा विषय काढत नाही. फक्त मी लेकीला घेऊन बाहेर निघालो की ती आधी अंथरुणाकडं बघून घेते... मी तिथंही आहे का ते.