दार किती इंच?

बोटवाले काका कुणाच्याही खोलीत दार वाजवल्याशिवाय जात नसत. दार सताड उघडं असलं तरी. आमच्या दापोडीच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावून घेत नाही. शेजारीण थेट ओट्यापर्यंत येते आणि डब्यातली साखर काढून घेऊन जाते. अशा गल्लीत काका स्वतःच्या घराच्या उघड्या दारावर तीनदा टकटक करत, दोन पावलं मागे सरत आणि आतून काकी "या की आता!" म्हणेपर्यंत उभे राहत. पोरं हसायची. काका म्हणायचे, "हसा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या आवरल्यात मी. दाराआड माणूस कसा असेल सांगता येत नाही. त्याला सावरायला जरा वेळ द्यावा."

काका मोठ्या प्रवासी बोटींवर केबिन स्टुअर्ड होते. म्हणजे खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं आणि संध्याकाळी टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवायचं. त्यांच्या बरोबरीचे गल्लीतले बाकीचे पुरुष कारखान्यांत लागले, माझे वडीलसुद्धा. काका तेवढे समुद्रावर गेले. आठ-नऊ महिने बोटीवर, दोन महिने दापोडीत, असं त्यांचं आयुष्य गेलं. महामारीत बोटी बंद पडल्या तेव्हा ते कायमचे परत आले आणि चाकणजवळच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगचे सुपरवायझर झाले. मीही चाकणलाच, एका कंपनीच्या खरेदी विभागात. सकाळी नाशिक फाट्याला आम्ही एकाच बसची वाट बघायचो. बोटींबद्दल मला जे काही कळतं ते त्या थांब्यावर उभ्या उभ्या कळलेलं आहे.

मुंबईहून गोव्याला, कोचीला जाणाऱ्या बोटींच्या जाहिराती फोनवर येऊ लागल्या तशी काकांकडे माणसांची रीघ लागली. रिटायर झालेले कामगार, नुकतं लग्न झालेली जोडपी, सगळे फोन पुढे करून विचारायचे, "काका, यातली कुठली खोली घेऊ?" काका चष्मा वर सरकवून सुरू करायचे. "सगळ्यात स्वस्त आतली. आपल्या घरातली मधली खोली असते ना, बिनखिडकीची, तशी. झोप मात्र झकास लागते. त्याच्यावर खिडकीवाली, काच उघडत नाही, नुसतं बघायचं. मग गॅलरीवाली. आणि स्वीट म्हणजे चऱ्होलीच्या बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट." वरच्या मजल्याला जास्त पैसे पडतात, पण बोट हलली की तोच जास्त हलतो, हे ते बसवरून समजावत: "मागच्या सीटवर बसून खड्ड्यातून गेलायस ना? मग मधली सीट धर. बोटीतही मधोमध आणि खालच्या अंगाला."

भाडं माणशी सांगतात ते एका खोलीत दोघं धरून, एकटा गेला तर दुसऱ्याचंही बरंचसं त्यालाच भरावं लागतं, तिसरा माणूस त्याच खोलीत स्वस्तात जातो, बंदराचे पैसे आणि कर वेगळे असतात, हे सगळं ते न कंटाळता सांगत. गॅलरीचा मात्र त्यांना राग होता. "गॅलरीचे पैसे भरतात आणि पडदा ओढून क्रिकेट बघतात," ते म्हणायचे. "ते पडदे मी रोज सकाळी उघडलेत, म्हणून सांगतो."

माझा थोरला भाऊ मिलिंद, आमचा दादा, काकांच्या या सल्ल्यांपासून लांब होता. विशीतच त्याचे पाय गेले. हात मात्र मजबूत. खुर्चीवरून पलंगावर तो आपला आपण सरकतो. विजेवर चालणारी खुर्ची त्याने शिकवण्यांच्या कमाईतून घेतली. दहावीचं गणित शिकवतो, आणि अर्धी गल्ली त्याच्या हाताखालून पास झालेली आहे. पण आमच्या न्हाणीचं दार अरुंद, त्यात वीतभर उंबरा. खुर्ची बाहेरच ठेवावी लागायची. शेजारचा एक जण आणि मी त्याला उचलून आतल्या स्टुलावर बसवायचो आणि मग आई त्याला अंघोळ घालायची. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. एरवी तासभर गणित शिकवताना न थकणारा दादा त्या वेळात एक शब्दही बोलायचा नाही. आईही बोलायची नाही.

एक दिवस दादाने जाहीर केलं, "आईला मी बोटीवर नेणार. माझ्या पैशांनी. सुजा, तूही चल." आणि लगेच अट घातली, "फक्त मला कुणी उचलायचं नाही. उचलायची वेळ येणार असेल तर आत्ताच सांग, मी नाव काढणार नाही."

मी आकुर्डीच्या एका ट्रॅव्हल एजंटबाईंना फोन केला. त्यांनी गॅलरीवाली खोली सुचवली. सवलत होती, उद्यापर्यंतच. खुर्चीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो हो, चालेल ना, एवढी मोठी बोट आहे!" मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी थांब्यावर पैसे भरता भरता मी काकांना कौतुकाने फोन दाखवला.

"दार किती इंच?" काकांनी विचारलं.

"कसलं दार?"

"बाथरूमचं. आणि मिलिंदाची खुर्ची किती?"

खुर्ची सव्वीस इंच होती, ती मीच मोजून घेतली होती. दाराचं मला माहीत नव्हतं. काकांनी माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि परत दिला. "आज अर्धा दिवस टाक," ते म्हणाले. त्यांनीही टाकला. नोकरीत कधी दांडी न मारणारा माणूस माझ्याबरोबर उलटा आकुर्डीला आला.

एजंटबाईंच्या काचेच्या दारावरही त्यांनी टकटक केली. मग समोर बसून शांतपणे एकेक प्रश्न विचारला. बाथरूमचं दार किती? उंबरा आहे का? आत खुर्ची पूर्ण गोल फिरते का? गोव्याला बोट धक्क्याला लागते की मध्ये थांबवून लहान होडीत उतरवतात? बाई गोंधळल्या, पण प्रामाणिक होत्या. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. उत्तर आलं: गॅलरीवाल्या खोलीच्या बाथरूमचं दार बावीस इंच, खाली पायरी.

बाई म्हणाल्या, "सॉरी काका. मला खरंच माहीत नव्हतं. एक स्कीम आहे, अजून स्वस्त. आत्ता पैसे भरायचे, खोलीचा नंबर ते नंतर देतात."

"धडधाकट माणसाला द्या ती. भारी आहे," काका म्हणाले. "याला मिळेल ती खोली चालत नाही. याला नंबर आज पाहिजे."

बोटीवर खुर्चीवाल्यांसाठी मोजक्याच खोल्या असतात. त्या फेरीतल्या सगळ्या गेल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या फेरीत एक होती, खिडकीवाली. काकांनी भाडं विचारलं. साध्या खिडकीवाल्या खोलीइतकंच. "बरोबर," ते म्हणाले. "खुर्चीची म्हणून जास्त घेतलं असतं तर जाब विचारणार होतो." मग त्यांनी बाईंकडून एक फॉर्म भरून घेतला, की ही खोली घेणाऱ्याला तिची खरोखर गरज आहे.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, "काका, तुम्ही अर्धा दिवस घालवलात." मग त्यांनी जे सांगितलं ते काकींनाही आधी सांगितलेलं नव्हतं.

"माझ्या लाईनीत, म्हणजे मी आवरायचो त्या खोल्यांत, एक म्हातारी होती, खुर्चीवरची. मुलाने ऐन वेळी बुकिंग केलेलं, साधी खोली मिळाली. खुर्ची बाथरूमच्या दारात अडायची. संडासाला मुलगा उचलून न्यायचा, अंघोळ तर नाहीच. मी रोज गरम पाण्यात टॉवेल पिळून द्यायचो, त्याने ती अंग पुसायची. आणि रोज मला सॉरी म्हणायची, एवढे टॉवेल लागतात म्हणून. समोरची खोली खुर्चीवाल्यांची. तिच्यात धडधाकट माणसं राहत होती, जागा मोठी मिळते म्हणून घेतलेली. भिंतीला धरायला दांड्या होत्या ना, त्यांच्यावर पोहायच्या चड्ड्या वाळत घातलेल्या. मी त्या रोज घडी करून ठेवायचो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बोललो नाही गं मी कुणाला. नोकरी होती. पण निदान आपल्या ऑफिसरला सांगायला पाहिजे होतं."

दादा मात्र खिडकीवाल्या खोलीवर खूश नव्हता. आईला गॅलरी दाखवायची असं त्याने ठरवलं होतं. काका त्याच्या समोर उकिडवे बसले. "मिलिंदा, गॅलरी सगळ्या बोटीला आहे. डेकवर जा, दिवसभर बस, कोण उठवतंय? पण दार लावून एकट्याने वापरायची बाथरूम तुला दुसऱ्या कुठल्या खोलीत मिळणार नाही." दादाने मान खाली घातली आणि मग हो म्हणाला.

रविवारी सकाळी काकांनी बाईंकडून मागवलेली मापं घेऊन गल्लीच्या तोंडाशी खडूने ती खोली आखली. पलंग, सोफा, बाथरूमचं दार, सगळं. "याड लागलंय यांना," काकी गॅलरीतून म्हणाल्या. दादा खुर्ची घेऊन खडूच्या बाथरूममध्ये शिरला. पहिल्या खेपेला भिंतीवरून चाक गेलं आणि पोरं ओरडली, "सर धडकले!" तिसऱ्या खेपेला तो आत पूर्ण गोल फिरला आणि तोंड बाहेर करून थांबला. अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. दादा लाजला होता, पण त्याने परत एकदा फिरून दाखवलं.

मी काकांनाही चला म्हटलं होतं. ते नाही म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणून गेलो तर चादरीचे कोपरेच बघत बसेन. त्या पोरांना कशाला टेन्शन?"

आम्ही गेलो. मागे उताराची फळी लागणारी गाडी केली, बोटीवर चढायलाही सलग उतार होता. दादाला कुणाचा हात लागला नाही. मी सोफ्यावर झोपले. सकाळी जाग आली तर दादा बाथरूममध्ये होता, दार आतून लावून. पाण्याचा आवाज येत होता. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आई दारापाशी जाऊन उभी राहिली.

"मिलिंद, पाणी गरम आहे ना? पाठीला साबण..."

"आई," आतून आवाज आला, "तू खिडकीपाशी बस. समुद्र बघ."

आई बसली. समुद्राकडे पाठ करून, दाराकडे बघत. तासाभराने दादा बाहेर आला. बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडलेल्या, केसांचा भांग चुकलेला. "झालं," तो म्हणाला. आईने नुसता त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि मग मला म्हणाली, "चहा कुठे मिळतो गं इथे?"

परत आल्यावर मी काकांकडे गोव्याचे काजू घेऊन गेले. समुद्र कसा होता, जेवण कसं होतं, काही विचारलं नाही त्यांनी. दादाला विचारलं, "दांडी कुठल्या हाताला होती? टॉवेल हाताशी येत होता का?" दादाने सांगितलं की सगळं ठीक होतं, फक्त डेकवर जायचं दार जड, एकट्याला उघडत नाही. "मग लिही त्यांना," काका म्हणाले. "आपण बोललो नाही तर त्यांना कळणार कसं?" दादाने लिहिलं, कंपनीचं उत्तरही आलं. ते पत्र काकांनी दोनदा वाचून घेतलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादाने आमच्या न्हाणीची भिंत फोडून दार मोठं केलं आणि उंबरा काढला. सुट्टी टाकून काका गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले होते.

गेल्या थंडीत काका गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं. पुण्यानुमोदनाला विहाराच्या हॉलमध्ये आम्ही कधी न पाहिलेली माणसं आली होती. कुबड्या घेतलेले एक गृहस्थ चिंचवडहून आले होते. आकुर्डीच्या एजंटबाई आल्या होत्या; त्या आता पैसे घेण्याआधी काकांचे प्रश्न स्वतःच विचारतात म्हणाल्या. एक मावशी म्हणाल्या, "मला तर त्यांनी जाऊच दिलं नाही. म्हणाले, तुम्हाला बोट लागेल, त्यापेक्षा लेकीकडे आठ दिवस राहून या." सगळे हसले, काकीसुद्धा.

मग कुणीतरी दादाला बोलायला सांगितलं. दादा खासगी गोष्ट चारचौघांत कधी बोलत नाही. समोर त्याचे जुने-नवे विद्यार्थी बसलेले होते. त्याने खुर्ची पुढे घेतली आणि माइक हातात धरला.

"पंचवीस वर्षं मला दुसऱ्यांनी अंघोळ घातली," तो म्हणाला. "काकांमुळे मी एकट्याने करतो."

एवढंच बोलून त्याने माइक परत दिला. काकी उठल्या, त्याच्यापाशी आल्या आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.