मिस्त्रींचे तीन ठिपके

आमची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं लेकीने मनावर घेतलं आहे. गंजलेले ब्रेक शू तिने दोन दिवस चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले होते. आज तारेच्या ब्रशने घासताना तांबडा चिखल ओघळला आणि खाली पंचने ठोकलेले तीन ठिपके उघडे पडले. हे ब्रेक दगडूमिस्त्रींनी बसवले होते; काम मनासारखं झालं की ते असे ठिपके ठोकायचे.

"बाबा, शूवरचे हे लायनरचे पट्टे तर जवळजवळ नवे आहेत. घाटातल्या त्या अपघातात ब्रेक लागलेच नाहीत म्हणता ना?"

इतकी वर्षं तेच सांगत, मिस्त्रींच्या कामाला दोष देत आलो. इतकं, की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. गंज लोखंड खातो, तसं खोटं खऱ्याला खाऊन टाकत असेल, अशी आशा होती. पण खालचे ठिपके शाबूत होते.

"मला डुलकी लागली होती," मी म्हणालो. "ब्रेकवर पाय ठेवलाच नव्हता."

तिचा ब्रश थांबला. "आणि मिस्त्रींचं गॅरेज बंद पडलं."

"हो."

"त्यांचा मुलगा इथेच असतो ना?"

मी तेलाची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने ती बाजूला ठेवली आणि ओला शू माझ्या हातात दिला. "तेल नाही लावत. तासाभरात पुन्हा गंज धरेल. त्याआधी त्यांच्या मुलाला दाखवून या."