बँड लावून न्यायला आले

फौजी माणूस समुपदेशक कसा झाला, असं कुणी विचारलं की मी प्रशिक्षणाचं सांगून वेळ मारून नेतो. खरं वेगळंच आहे.

शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाऊन आल्यावर मी फौज सोडली आणि शिंदखेड्याला येऊन दारूत बुडालो. बायकोने मला जळगावला, मेहरूणच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. दारू कशी लागली, असं डॉक्टरांनी विचारलं. "थंडीमुळे," मी म्हणालो. श्रीलंकेत कसली डोंबलाची थंडी! पण फौजी म्हटलं की लोकांना बर्फच दिसतो. आमची गाडी सुरुंगावर गेली होती आणि शेजारी बसलेल्या पोराचं जे उरलं ते मी गोळा केलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

दारू सुटली, झोप काही आली नाही. डॉक्टर म्हणाले, "इथेच राहा, शिस्त लावाल." लावली. सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करायचो, कुरकुर करणाऱ्यावर खेकसायचो. गावाकडून लग्नाचं बोलावणं आलं की मला नेमकी ड्युटी असे, कारण वरातीत फटाके असतात.

एका उन्हाळ्यात चोपड्याकडचा एक माजी सैनिक दाखल झाला. केळीची बाग असलेला, माझ्याच वयाचा. आधीही बरा होऊन घरी गेला होता आणि पुन्हा प्यायला लागला होता. यापुढे पुन्हा दारू सुरू झाली तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला तोंडावर सांगितलं होतं. तो कायम भिंतीला पाठ लावून बसायचा. का, ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी त्याला टाळत होतो.

त्याला घरी सोडायच्या दिवशी सगळं गणगोत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं. माणूस बरा झाला म्हणून हौसेने बँड आणला. बायको नवं लुगडं नेसून ओवाळायला उभी. मी आत खोलीत त्याची पिशवी उचलली आणि तेवढ्यात त्याच्या भावाने फाटकाशी फटाक्यांची माळ लावली.

भान आलं तेव्हा आम्ही दोघंही खाटेखाली होतो. त्याने माझा शर्ट मुठीत धरला होता.

"तुमले बी व्हस का?" त्याने विचारलं.

"होतं."

"मंग काय करतस तुम्ही?"

"जागा राहतो," मी म्हणालो.

तो उठला, कपडे झटकले आणि बाहेर जाऊन ओवाळून घेतलं. कुणाला काही कळलं नाही. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो एकटाच परत आला. तोंडाला वास येत होता. मला इतकी भीती वाटली की मी आधी त्याच्यावर ओरडलोच, मग डॉक्टरांना बोलवायला निघालो. त्याने माझं मनगट धरलं.

"डॉक्टर नको, भाऊ. तुमनं सांगा. बठ्ठं."

मी दार लोटलं, त्याच्यासमोर बसलो आणि त्या गाडीतल्या पोरापासून सगळं सांगायला लागलो. कितीदा अडखळलो. माझं संपल्यावर त्याने चेहरा पुसला.

"आते मनं आयका," तो म्हणाला.